जवळ्याचा डबा आणि गुणाजीचं दूध

माझ्या सगुणाआत्याला कुठलाही डबा फेकवत नाही. तुपाचा असो, बिस्किटांचा असो, रंगाचा असो, रिकामा झाला की तो धुऊन, उन्हात वाळवून भिंतीला लागणार. ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात आमच्या घरात एक अख्खी भिंत डब्यांचीच आहे. आणि डब्यावर जे छापलंय ते आत असेल तर शपथ! बिस्किटांच्या डब्यात सुया आणि बटणं, तुपाच्या डब्यात डोक्याला लावायचं तेल. लहानपणी एकदा मी चॉकलेटचा डबा उघडला, तर आत सुके बोंबील. मी भोकाड पसरलं, तर बाईने मलाच धपाटा घातला. म्हणे, डब्यावर इस्वास कनाला ठेवलास?

ही बाई म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण. लग्न होऊन दोन पावसाळे झाले नाहीत तोच नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि परत आल्यावर घरात जी शिरली ती मालकीण होऊनच. माझी आई मी रांगत असताना गेली. बाप बोटीवर. तेव्हा मला वाढवलं ते आत्याने. वाढवलं म्हणजे काय, ओरडून मोठं केलं. कल्याणच्या बाजारात ती सुकी मासळी घेऊन बसायची. सकाळी टोपली घेऊन जायची, संध्याकाळी रिकामी टोपली आणि भरलेलं डोकं घेऊन यायची. आज कुठल्या गिऱ्हाइकाशी भांडले, त्याला काय बोलले, तो काय बोलला, मग मी काय बोलले, हे सगळं जेवताना पुन्हा त्याच आवाजात. शेजारच्यांना रेडिओ लावायची गरज पडायची नाही.

जन्मभर सुकटीत बसून एक झालेलं. तिला सुकटीचा वासच येत नाही. अजिबात. जवळा, बोंबील, वाकट्या, काहीही नाकाशी धरा, ती म्हणणार, "कसला वास? मना तर नाय येत." डोंबिवलीच्या एका बाईने एकदा लोकलमध्ये तिच्या शेजारी बसून नाकाला पदर लावला, तर आत्याने तिला आपुलकीने विचारलं, सर्दी झाली का म्हणून.

मी नर्स झाले, सहदेवशी लग्न झालं, आणि आम्ही दोघं मस्कतला गेलो. तो तिथे एका कंपनीत फिटर, मी हॉस्पिटलात. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. ठाण्या-कल्याणातली निम्मी पोरं तेव्हा आखातात होती. बाळंतपणाला मी चेंदणीला आले. पोरगा झाला. मला नाव ठेवायचं होतं काहीतरी छान, नवीन. आत्याने पाळण्यात वाकून सरळ "गुणाजी" म्हणून टाकलं, आजोबांचं नाव. बायकांनी टाळ्या वाजवल्या, खेळ खलास. एवढंसं बाळ आणि नाव गुणाजी. बाळ कमी, सोसायटीचा चेअरमन जास्त वाटायचा.

पण त्या गुणाजीने पहिल्याच महिन्यात आमच्या तोंडचं पाणी पळवलं. मला कावीळ झाली, अंगावरचं दूध आटलं. वरचं दूध दिलं की पोरगा उलट्या करायचा, शी रक्ताची. गाईचं झालं, म्हशीचं झालं, कुणीतरी शेळीचं आणलं, तेही झालं. शेवटी डोंबिवलीचे एक म्हातारे डॉक्टर, त्यांनी बरोबर ओळखलं. म्हणाले, याला प्राण्याचं दूध चालतच नाही. सोयाबीनची पावडर मिळते डब्यात, तीच द्यायची, दुसरं एक चमचा दूध पोटात गेलं तर परत पहिले पाढे पंचावन्न. तोवर माझी रजा संपली. डॉक्टर म्हणाले, पोराचं वजन वाढल्याशिवाय विमानात न्यायचं नाही. हॉस्पिटल म्हणालं, बाई, येताय की जागा भरू? घर घ्यायचं होतं, सहदेवची नोकरी तेव्हा डळमळीत. मी गेले. पोटच्या पोराला आत्याच्या मांडीवर टाकून गेले. काय झालं असेल माझं, ते मी सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आत्याने त्याला वाढवलं. पाणी उकळून, बाटली उकळून, बूच उकळून. जी बाई आयुष्यात कुणाचं ऐकली नाही, तिने डॉक्टरचं मात्र शब्दन् शब्द ऐकलं. पोरगा गुटगुटीत झाला. आणि मी त्याला न्यायला परत आले, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दारात आलेल्या वीजबिलवाल्याकडे पाहतात. घेतला की रडायचा. आत्याकडे दिला की गप्प.

ते एक वेळ चालून गेलं असतं. खरी पंचाईत पुढे होती. तो दूध फक्त आत्याच्या हातून प्यायचा. मी नर्स! मस्कतला मी किती परक्या पोरांना बाटली पाजलीय त्याला गणती नाही, अरबांची, पठाणांची, मल्याळ्यांची. एकाने तोंड फिरवलं नाही. आणि माझा स्वतःचा पोरगा मी बाटली पुढे केली की ओठ घट्ट मिटून मान तिकडे वळवायचा. आत्याची धुतलेली साडी नेसून पाहिली, तिच्यासारखी मांडी घालून पाहिली, तिच्यासारख्या शिव्याही देऊन पाहिल्या. नाहीच. भुकेने काळानिळा झाला तरी नाही. मग आत्या यायची, "जल्लं मेलं, दे इकडं," म्हणायची आणि तो घटाघटा प्यायचा. अशा वेळी मला आत्याचा गळा दाबावासा वाटायचा. खरं सांगतेय.

म्हणून ठरलं, आत्यानेही मस्कतला यायचं. दोन-तीन महिने राहायचं, पोरगा मला रुळला की परत. सहदेवने तिचा व्हिजा काढला, तिकीट पाठवलं. कोळीवाड्यात बातमी फुटली आणि मग काय विचारता! सगुणा विमानात बसणार. कल्याणच्या बाजारातही गिऱ्हाइकांना सुकटीसोबत ही बातमी फुकट मिळायची. ती नवीन साडी घेऊन आली, चष्म्याची काडी बदलून आणली. "विमानात खिडकीच देतीन ना ग?" हे तिने मला रोज विचारलं.

जायचा दिवस ठरलेला आणि तो हलवता येणार नव्हता. गुणाजीच्या व्हिजाची मुदत त्याच दिवशी संपत होती, दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी. विमान दुपारचं. मस्कतला सहदेवने त्या सोयाबीनच्या पावडरीची सोय करून ठेवलेली, त्यामुळे काळजी फक्त वाटेतली. मी पोराची पिशवी भरायला घेतली. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, उकळलेल्या बाटल्या स्वच्छ फडक्यात, आणि पावडरीचा चालू डबा. आत्या म्हणाली, "डबा मी देतंय, तू टॅक्सी बघ." डबा घेऊन आली. झाकणाला गोल माझ्याच पेटीतलं चिकटपट्टीचं प्लास्टर मारलेलं, पावडर सांडू नये म्हणून. मी बघितलं, तिने तो नाकाशी धरला, चांगला दोनदा हुंगला आणि मग पिशवीत ठेवला. मला वाटलं, पावडर खराब झाली नाही ना ते बघतेय. मनात म्हटलं, किती काळजी करते बाई.

सहारच्या विमानतळावर पोचलो. पासपोर्टचे सोपस्कार झाले, मोठ्या बॅगा गेल्या, माझी एक सुटकेस आणि आत्याची रेक्झिनची मोठी पिशवी, जाळ्याच्या दोरीने अशी आवळलेली की आत माणूस असता तर गुदमरला असता. मग आली ती तपासणी. त्या वेळी विमानतळावर आपले पोलीसच असायचे. बायकांसाठी पडदा लावलेली जागा, आत खाकी साडीतली एक हवालदारीण. गुणाजी आत्याच्या खांद्यावर झोपलेला. पहाटे प्यायलेला, त्याची दुधाची वेळ केव्हाच उलटलेली.

ती हवालदारीण कामाला चोख होती. थर्मास उघडायला लावला. "प्या यातलं." मी प्यायले, जीभ पोळली. बाटल्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. मग डबा हातात घेतला, हलवला. "यात काय?"

"बाळाची पावडर," मी म्हटलं. "त्याला दुसरं दूध चालत नाही."

"उघडा. आणि थोडी तोंडात टाकून दाखवा. सगळ्यांनाच सांगते, तुम्हाला एकटीला नाही."

मी प्लास्टर सोडवलं, झाकण काढलं. आणि बाई गं! त्या थंडगार एसीत, फिनेलने पुसलेल्या त्या जागेत, असा काही वास सुटला की पडद्यापलीकडे रांगेतली एक बाई "अय्या" म्हणाली. भाजून कुटलेला जवळा. काठोकाठ. घरी महिनाभर राहून माझंही नाक मेलेलं, म्हणून पिशवीतनं काही कळलं नव्हतं. तिथे कळलं.

हवालदारीण दोन पावलं मागे सरकली. "हे दूध?"

मी झाकण परत लावायला गेले. आत्या मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "दूधच हाय. सोयाबीनचं. फारीनचं हाय, त्याचा असाच वास येतो."

"असं? मग घ्या बघू तोंडात."

आत्याने चांगली चिमूटभर घेतली, तोंडात टाकली आणि शांतपणे चघळली. "ग्वाड हाय," म्हणाली.

"ओ आजी," ती हवालदारीण म्हणाली, "मी कल्याणची आहे. जवळा मला शिकवू नका." आणि बोलता बोलता तिने आत्याकडे नीट बघितलं. मान वाकडी करून बघितलं. "थांबा जरा. तुम्ही बाजारात पुलाच्या बाजूला बसता ना? तुमच्याकडनं मी गणपतीनंतर बोंबील नेले होते. निम्मी वाळू होती त्यात! दात पडायचा माझ्या नवऱ्याचा!"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? हात जोडले असते. आमच्या बाईने कंबरेवर हात ठेवला. "वालू नाय ती, मीठ व्हतं. धुतलंस का नीट? आं? धुवाचं नाय आन् नावं आमाला ठेवाची!"

"मीठ? करकर वाजत होतं!"

"तूच ती. रमाबाय. पाव किलो घेतलंस आन् मूठभर वरती मागलंस. मना चांगली याद हाय तुजी."

मी तिथे उभी, हातात जवळ्याचा डबा, समोर पोलीस आणि माझी आत्या बाजार भरवून बसलेली. एवढ्यात व्हायचं तेच झालं. गुणाजी जागा झाला, त्याने इकडे तिकडे बघितलं आणि भुकेचा टाहो फोडला.

"आत्या," मी ओरडले, "दूध कुठाय?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंड एवढंसं झालं. "त्या मोठ्या पिशवीत असल गो," म्हणाली. "चार डबं व्हतं. तीनात मी सुकट भरली. कोलीवाड्यात बोलतात, तिकडच्या विमानतलावर सुकट घेतात काडून, पन पोराच्या दुधाला कोन हात लावत नाय. म्हून."

"आणि ओळखलंस कसं कुठल्यात काय ते?"

"वास घेऊन. या डब्याला वास नव्हता."

वास नव्हता! हिला! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कोळीवाड्यातली पोर आहे मी, मलाही बोलता येतं. शेवटी म्हटलं, कुणी सांगितली होती तुला ही अक्कल? कुणाला हवा होता मेला तुझा जवळा?

"तुनाच," आत्या म्हणाली. "तू नाय का फोनवर रडलीस? मी बोलली काय झालं ग, तर तू बोललीस, जवल्याची चटनी खावाशी वाटतं. एवडी रडलीस त्या जवल्यासाठी."

बोललेले मी तसं. कोळीवाड्यात एकाच दुकानात फोन, मी मस्कतहून केला की आत्याला बोलावून आणायचे आणि आजूबाजूला दहा माणसं कान लावून. त्या दिवशी आत्याने पोराला फोनजवळ धरलेलं, तो काहीतरी "बु बु" बोलला आणि माझा बांध फुटला. पोरासाठी रडतेय असं सांगितलं असतं तर आत्या रात्रंदिवस झुरली असती. म्हणून तोंडाला आलं ते सांगितलं, जवळा. आणि ती बाई ते धरून बसली. तीन डबे भरून.

गुणाजीचं रडणं चढत चाललेलं. रमाबाईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आत्याकडे. "केव्हापासून उपाशी आहे?"

"पहाटेपासून," मी म्हटलं. "आणि बाई, याला दुसरं काही चालत नाही. उतरेपर्यंत संध्याकाळ होईल. त्याचा व्हिजाही आजचाच आहे."

"रडू नका. खाली बॅगा लावल्यात, आपली बॅग ओळखायची असते ना, तिथे काढून घेऊ. मी येते." आणि आत्याकडे वळून, "पोरासाठी येतेय हां. बोंबलाचं मी विसरलेले नाही."

तेव्हा तशी पद्धत होती. विमानात चढण्याआधी खाली उन्हात सगळ्या बॅगा रांगेने मांडलेल्या असायच्या. प्रत्येकाने जाऊन आपली बॅग दाखवायची, मग ती वर चढायची. जिचा कुणी धनी नाही ती खालीच. आम्ही बसमधून उतरलो, आत्या आपल्या पिशवीकडे धावली आणि तिने ती गाठ अशी सोडली की बघत राहावं. मी आत हात घातला. पहिला डबा काढला, प्लास्टर ओढलं, जवळा. हात खाली तळापर्यंत घातला, म्हटलं, या बाईचा भरवसा नाही, खाली दूध वर जवळा असेल. नव्हतं. जवळाच होता, कोपरापर्यंत. दुसरा उघडला, सुक्या कोलंबीचे सोडे. त्यातही हात घातला. वाऱ्याने कूट उडून माझ्या तोंडावर, केसांत. रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून आपापल्या बॅगांवर बोट ठेवून पळत होती. तिसरा डबा उघडला आणि पांढरी, गोडसर, मऊ पावडर. देव भेटल्यासारखं वाटलं मला. डबा छातीशी धरून मी तिथेच खाली बसले.

तेवढ्यात एक साहेब आला, हातात वायरलेस. "काय चाललंय? बॅग कुणी उघडली?" रमाबाईने सांगितलं. तो डबे बघत गेला आणि त्याचं तोंड आंबट होत गेलं. दुधाच्या डब्यात दूध नाही, दुसरंच काहीतरी, प्लास्टर मारून लपवलेलं. "ही बॅग विमानात जाणार नाही," म्हणाला. "तपास करायला पाहिजे. आणि बॅग ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाही मागे यावं लागेल."

"साहेब, जवळा आहे तो," रमाबाई म्हणाली. "बॉम्ब नाही. मी खात्री देते, मी खाते तो."

"तपास होऊ दे. पुढच्या विमानाने जातील. बॅग आणि माणूस बरोबरच जातं, नियम आहे."

मी हातापाया पडले. म्हटलं, साहेब, हिच्याशिवाय माझा पोरगा दूध पीत नाही. मग तुम्हीही थांबा, तो म्हणाला. थांबले तर व्हिजा गेला, आणि पोरगा पुन्हा इथे, मी पुन्हा तिथे. किती महिने, देव जाणे. विमानाच्या जिन्यावरनं कुणीतरी हात करत होतं, लवकर, लवकर.

आत्याला माझ्या आधी कळलं. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू जा."

"आत्या, तो माझ्या हातून पीत नाही."

"भूक लागल की पील."

"नाही पीत गं! तुला माहितेय!"

"पील," ती म्हणाली आणि गुणाजीला माझ्याकडे दिला. त्याने तिचा पदर धरून ठेवलेला. एक एक बोट तिने सोडवलं, घाई न करता. तो हात पसरून तिच्याकडे झेपावत होता, ओरडत होता. मला वाटलं, आता ही रडणार. तर ती गर्रकन वळली आणि रमाबाईवर तुटून पडली, "वालू व्हती बोलतंस काय? चल, दाखव मना वालू, तुज्या घरी जाऊन बघू!" जिना चढेपर्यंत तिचा आवाज माझ्या कानावर येत होता. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही. रमाबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवलेला मी वरून बघितला. भांडणाऱ्या बाईच्या खांद्यावर कुणी हात ठेवत नाही.

विमानात माझ्या शेजारी एक सुटाबुटातला गृहस्थ होता. मी बसले आणि त्याने आधी बुटांचा तळ बघितला, मग वरची हवा, मग माझ्याकडे. हवाईसुंदरीला बोलावून जागा बदलून मागितली. विमान भरलेलं होतं, बसला मग तोंड वाकडं करून. पलीकडे खिडकीची जागा रिकामी. आत्याची.

गुणाजी रडत होता. विमान सुटलं, रडत होता. वर गेलं, रडत होता. मी पाणी ओतलं, पावडर मोजून घातली, बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून बघितला, सगळं बरोबर. बाटली पुढे केली. त्याने ओठ मिटले, मान वळवली. पुन्हा केली. हाताने ढकलून दिली. गोड बोलले, गाणं म्हटलं, उभी राहून हलवला. मागचा एक बाप्या म्हणाला, पोराची आई कुठाय? त्याला काय ते मी बोलले, तो पुढे मस्कतपर्यंत बोलला नाही. पण मला घाम फुटलेला. पहाटेपासून पोटात काही नाही, घसा कोरडा, रडण्याचा आवाजही आता बारीक व्हायला लागलेला. नर्स आहे मी, तो बारीक आवाज मला चांगला कळतो. मनात म्हटलं, माझ्यावर रागावलाय हा. टाकून गेले ना मी याला, म्हणून. आणि बरोबर आहे त्याचं.

डोळे भरून आले, त्यात मला त्याचं तोंड नीट दिसेना. घाम पुसायला मी त्याच्या गालावरून हात फिरवला. तो थांबला. एकदम थांबला. माझा हात त्याने दोन्ही हातांनी धरला, नाकाशी ओढला आणि हुंगला. जोरात. पुन्हा हुंगला. माझ्या नखांत, बोटांत, कोपरापर्यंत तो मेला जवळा भरलेला. धुवायला वेळ मिळालाच कुठे होता? माझ्यातली नर्स ओरडत होती, अगं, हात धू, हात धू, पोराला पाजतेयस. मी तिला म्हटलं, गप बस.

तोच हात त्याच्या गालापाशी ठेवला आणि दुसऱ्या हाताने हळूच बाटली लावली. त्याने तोंड उघडलं. पहिले दोन घोट घेतले, हुंदका दिला आणि मग घटाघटा, घटाघटा. नाक माझ्या तळव्यात खुपसलेलं. आणि पिता पिता मान वर करून माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे.

हवाईसुंदरी आली, चिमट्यात गरम ओला रुमाल, अत्तराचा घमघमाट. शेजारच्या गृहस्थाने घाईघाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, हात पुसायला," ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "उतरेपर्यंत नको." तो गृहस्थ कण्हला. आणि मी रडले. चांगली भोकाड पसरून, नाक ओढत, सगळ्या विमानासमोर, सगुणाला एक एक शिवी घालत रडले.